पानाला पेला

कानाच्या पाळीत बारीक खडा धरून अंगठ्यानं दाबला की डोळ्यांत पाणी येतं, रक्त येत नाही. खडा नदीतला नको. नदीतला गुळगुळीत असतो.

*

हर्सूलच्या तळ्याची माती एप्रिलमध्ये अशी फुटते की एकेका भेगेत लहान मुलाचा पाय पोटरीपर्यंत जातो. मुलं मुद्दाम घालतात. मग ओढून काढताना कातडी सोलते.

*

मासिकाचे जुने अंक एकत्र बांधताना दाभण कण्यातून आरपार गेलं पाहिजे. अर्ध्यात थांबलं की पानं सुटतात.

*

टँकरचा पाइप जोरात पाणी चालू असताना हातातून सुटला तर नडगी मोडते. आमच्या शिपाई भामाबाईंनी हे पाहिलंय. सांगताना त्या हसतात.

*

नव्या इमारतीच्या कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळतात. दिवसातून तीन वेळा त्यावर पाणी मारायचं. नाहीतर सिमेंट तडकतं.

*

मुद्दा क्रमांक दोन : विद्यार्थिनीस झालेल्या इजेचे कारण.

*

साडेबारा वाजून गेलेत. सकाळची शाळा सुटली, मुलं गेली, आणि ग्रंथालयाच्या टेबलावर माझ्यासमोर कोरा कागद आहे. मला खुलासा लिहायचा आहे. मजकूर मुख्याध्यापक सांडू सरांनी तोंडी सांगून ठेवलाय. सहावी ब मधली अपेक्षा स्टुलावर चढून ड्रममधलं पाणी चोरून घेत होती, तोल जाऊन पडली, कानाला लागलं. "तीन ओळी लिहा मॅडम. चौथी लिहायला गेलात की फसता." हे ते रागानं बोलले नाहीत. ते कुणावरच रागावत नाहीत. सहाशे मुलं आणि चार दिवसांनी येणारा टँकर यांच्यामध्ये उभं राहून त्यांचा आवाज इतका मऊ झालाय की कधी कधी तो ऐकताना मला त्यांच्या तोंडात बोट घालून काहीतरी ओढून काढावंसं वाटतं. अपेक्षा ऑफिसाबाहेरच्या बाकावर बसलेली आहे. डाव्या कानावर कापसाचा बोळा, वरून पट्टी. समोरच्या डॉक्टरांनी बांधून दिली आणि म्हणाले, पडदा फाटलेला दिसतोय, आजच घाटीच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. तिच्या आईला आणायला भामाबाई गेल्यात. आई यायच्या आत कागद तयार पाहिजे. तीन ओळी लिहिल्या तर मी वाचते. चौदा वर्षं मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे आणि पूर्णवेळ मान्यतेचा माझा प्रस्ताव आत्ता कुठं वर गेलाय. पण मग अपेक्षाची शाळा जाते, कारण पाणी चोरणाऱ्या मुलाला दाखला हातात देऊन काढायचं हे शाळा समितीत फेब्रुवारीतच ठरलंय आणि दोघांना काढूनही झालंय. खरं लिहिलं तर ती राहते आणि मी जाते. खरं असं आहे की ती स्टुलावर चढली नव्हती. मी तिला मारलं.

दुष्काळाचं हे सलग दुसरं वर्ष. मी या शाळेत लागले तेव्हा कुंपणापलीकडे ज्वारी होती. आता चारही बाजूंनी इमारती चढताहेत, खिडकीतून पाहिलं की आकाशात सळया घुसलेल्या दिसतात, आणि दिवसभर कुठंतरी कुणीतरी लोखंडावर लोखंड हाणत असतं. त्या ठोक्यांवर मुलं पाढे म्हणतात. पाण्याचे ड्रम आधी व्हरांड्यात होते. डिसेंबरात एका पोराचा दात ड्रमच्या काठावर आपटून तुटला. ढकललं कुणी ते कळलं नाही, कारण दात शोधायलाही कुणी थांबलं नाही. मग एका मुलीची वेणी दुसरीनं मनगटाला दोन वेढे देऊन ओढली आणि केसांच्या मुळाशी रक्ताचे ठिपके आले. ग्रंथालयाला जाळी आहे, कुलूप आहे, दुपारपर्यंत ऊन येत नाही. म्हणून निळे ड्रम इथं आले, गोष्टींच्या रॅकपासून दोन पावलांवर. त्या दिवसापासून माझ्या ग्रंथालयात गर्दी होऊ लागली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मुलं दारातून आत आली ती एकमेकांच्या बरगड्यांत कोपरं खुपसत. मी झाकणावर हात ठेवला आणि ओरडले, "जो एक पान मोठ्यानं वाचेल त्यालाच पेला मिळेल!" खरं सांगायचं तर मला तेव्हा फक्त त्यांना थांबवायचं होतं. पण ती थांबली. सहाशे मुलांची शाळा एका वाक्यानं थांबते हे मी पहिल्यांदा पाहिलं. गर्दीची रांग झाली.

दुसऱ्या दिवशी तो नियम झाला, आठवड्यानं त्याला नाव पडलं: पानाला पेला. एक मूल, एक पान, एक स्टीलचा पेला. जानेवारीत विस्तार अधिकारी आले, त्यांनी रांग पाहिली, कौतुकानं मान हलवली आणि म्हणाले, असे उपक्रम पाहिजेत. पेपरच्या शहर पानावर फोटो आला, दुष्काळातही वाचनाचा झरा. फोटोत माझा एक हात ड्रमवर आहे आणि एक हात मुलाच्या डोक्यावर. मला तो आवडला होता. मला सगळंच आवडलं होतं. ज्या पोरांनी कधी पुस्तकाला बोट लावलं नाही ती दोन्ही हातांनी पुस्तक धरून उभी होती. त्यांच्या ओठांवर पापुद्रे होते, शब्द सुटताना ओठ चिकटून सुटत आणि त्याचा एक बारीक आवाज येई, आणि तो आवाज चाळीस वेळा, ऐंशी वेळा ऐकताना माझ्या मानेवर काटा येई. मी त्याला वाचनाचा आनंद म्हणत होते. एखादा जोडाक्षरावर अडला की मी पेला ड्रमवर टेकवून ठेवी. भरलेला. तो पेल्याकडे बघे, मग अक्षराकडे, मग पेल्याकडे. आणि फोडून काढी अक्षर, दगड फोडावा तसं. पाहा, मी म्हणे, आलं की नाही?

मला स्वतःला वाचन असंच आलं. वडील, व्यंकटराव, कोर्टात कारकून होते. औरंगपुऱ्यात दोन खोल्या. संध्याकाळी कोट खुंटीला लावला की ते मला समोर बसवत आणि एक खडा बोटांत धरत. तो खडा ठरलेला होता, देवाच्या फळीवर, कुंकवाच्या डबीशेजारी ठेवलेला असे. एक चूक, एक दाब. ते मारत नसत. मारणं त्यांना गावंढळपणाचं वाटे. पाळीत खडा दाबताना त्यांचा चेहरा मी आता आठवते तो एकाग्र होता, सुईत दोरा ओवताना असतो तसा. वाचता वाचता मी चुकण्याच्या आधीच कान आकसून घ्यायला शिकले आणि त्यामुळंच पुढची ओळ आधीच डोळ्यांनी उचलायला शिकले. शाळेत बाई म्हणत, काय घडाघडा वाचते ही. आजही नवीन पुस्तक उघडलं की पहिल्या ओळीला माझा उजवा कान गरम होतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला एकदा सांगायला गेले तर तो म्हणाला, म्हणून तर तू एवढं वाचतेस, आणि त्यानं माझ्या कानाला प्रेमानं हात लावला, तेव्हा मी त्याचा हात इतक्या जोरात उडवला की त्याच्या मनगटावरचं घड्याळ भिंतीवर आपटून फुटलं. वाचणारी माणसं मऊ होतात असं मी दर वर्षी वाचनदिनाच्या भाषणात सांगते.

अपेक्षा रांगेत कायम अकरावी किंवा बारावी असे. पहिली कधीच नाही. मला वाटे, मुलगी शहाणी आहे, धक्काबुक्की करत नाही. तिचं गाव खुलताबादच्या पलीकडं, विहिरी आटल्यावर दोन वर्षांपूर्वी सगळं घर इकडं आलं. वडील काकासाहेब वाळूजला एका कंपनीत ठेकेदाराकडं आहेत, आठवडा दिवसपाळी, आठवडा रातपाळी. आई साळूबाई शाळेमागच्या इमारतीवर पाणी मारते, कॉलमवर, स्लॅबवर. इमारतीसाठी बोअरचं पाणी येतं, दिवसाला दोन टँकर वेगळे येतात. अपेक्षा माझ्यासमोर उभी राही, पुस्तक उघडी आणि धाडधाड म्हणून दाखवी. एकही अडखळ नाही. सगळ्या रांगेत तिचा पेला सर्वांत लवकर भरे. मी तिचं नाव फळ्यावर लिहिलं होतं, आठवड्याची वाचक. तीनदा.

आज दीपगृहाच्या रखवालदाराचं पान होतं. दर आठवड्याला एक पुस्तक आणि सगळ्यांना त्यातलं तेच एक पान, म्हणजे भांडण नको. या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही आणि सध्या तळंही पाहिलेलं नाही. पाचवा हिमांशू होता, सिडकोतून येतो, डॉक्टरांचा मुलगा, स्वतःची बाटली असूनही रांगेत उभा राहतो कारण त्याला वाचून दाखवायला आवडतं. घाईत त्याची एक ओळ सुटली. रखवालदार पायऱ्या मोजतो ती ओळ गाळून तो थेट वादळावर गेला. मी पेला दिला, घाई होती. मग सावनीनं वाचलं आणि मध्ये खोकली, "थांबा हं मॅडम" म्हणाली आणि पुढं गेली. मग आणखी चौघं. मग अपेक्षा. तिनं पुस्तक उघडलं. सुरुवात केली. पायऱ्यांची ओळ आली आणि ती ओळ तिनं गाळली. थेट वादळ. आणि वादळाच्या मध्यावर, जिथं सावनी खोकली होती बरोबर तिथं, ती म्हणाली, "थांबा हं मॅडम," आणि पुढं गेली.

आधी मला हसू आलं. ते मला आठवतंय, हसू आलं होतं. मग मी खाली वाकून पाहिलं तर तिच्यासमोर भलतंच पान उघडं होतं, दोन माश्यांचं चित्र असलेलं. तीन वेळा फळ्यावर नाव. विस्तार अधिकाऱ्यांसमोर मी तिलाच पुढं केलं होतं. मागून हिमांशू म्हणाला, "मॅडम, तिला वाचताच येत नाय. ती ऐकून म्हणती. सगळ्यांना माहितीये."

"सगळ्यांना?"

"व्हय. आम्ही तिला टेप म्हणतो."

रांग हसली. मी अपेक्षाला म्हटलं, "हे वाच. हा एक शब्द." बोट ठेवलं. रखवालदार हा शब्द. ती बोटाकडं बघत राहिली. मी भरलेला पेला ड्रमच्या झाकणावर टेकवला. नेहमीसारखा.

"वाच, मग मिळेल."

"मला समदं पाठ हाय, मॅडम."

"पाठ नको. वाच."

"पाठ हाय तं. कामून वाचू?" तिनं मान वर केली. डोळे कोरडे, लाल, उन्हानं चिरलेले. "माजी आई रोज पानी मारायली त्या बिल्डिंगला. तीन टाइम. बिल्डिंगला कुटं वाचाया लागतंय?"

रांग पुन्हा हसली. या वेळी तिच्या बाजूनं.

माझा डावा हात झाकणावर होता. उजव्या हातात काहीतरी आलं होतं, मुलांच्या मासिकाचे बारा अंक एकत्र बांधलेला जाड खंड, सकाळीच मी रॅकवर ठेवायला काढला होता आणि तो ड्रमशेजारी पडून होता. तो मी स्वतः बांधलेला. पुठ्ठा दुहेरी, कोपऱ्यांना रेक्झिन, म्हणजे मुलांच्या हातात टिकावा. तो वर गेलेला मला आठवत नाही. खाली आलेला आठवतो. कोपरा. फरशीवर पुस्तक पडावं तसा आवाज आला, फक्त थोडा ओला. अपेक्षा ओरडली नाही. ती बाजूला गेली आणि मग बसली आणि मग आडवी झाली, अशी तीन वेगवेगळ्या हालचालींत, जणू प्रत्येक हालचालीला तिनं परवानगी मागितली. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. एक क्षण. दाभण आरपार गेल्यावर वाटतं तसं. तो क्षण मी कुठल्या ओळीत लिहू, सांडू सर?

मग रांगेनं पाहिलं की झाकणावर माझा हात नाही. पहिला पोरगा झेपावला, तो पेल्यावर. सावनीनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला, सुटला तेव्हा मनगटावर दातांचं कडं उमटलं होतं. झाकण उडालं. सात-आठ जणं ड्रमच्या काठाला लोंबकळली, डोकी आत, पाय हवेत, पाय मागच्यांच्या तोंडावर. कुणीतरी कुणाचं डोकं पाण्यात दाबून धरलं होतं, बुडबुडे येत होते, आणि दाबणारा दुसऱ्या हातानं पीत होता. अर्धा रिकामा ड्रम तेवढ्या अंगांनी कलंडला. पाणी फरशीवर आलं आणि मुलं पोटावर पडली. मी हे बघत होते. चाळीस मुलं पोटावर पडून फरशी पीत होती. हिमांशू सदरा भिजवून तोंडात पिळत होता, ज्याच्या दप्तरात बाटली होती तो हिमांशू. कुणाचा तरी गुडघा अपेक्षाच्या बोटांवर होता. तिच्या कानातून निघालेला लाल धागा पाण्यात सुटत चालला होता आणि एका मुलानं तिथूनही ओंजळ भरली, पाहिली, आणि प्यायली. मग मी तिला उचललं. ती हलकी होती. तोवर भामाबाई दारात आल्या होत्या. "आता जमिनीला पाजलं समदं," एवढंच म्हणाल्या आणि पोरांना केसांना धरून बाहेर काढू लागल्या.

ऑफिसातून आवाज येतोय. सांडू सरांचा मऊ आवाज, मग चापटीचा आवाज. मी उठले. कागद तसाच.

साळूबाई आल्या होत्या. पायांवर सिमेंट वाळलेलं, पदर कमरेला खोचलेला. सरांनी त्यांना तीन ओळी सांगितल्या असणार, कारण त्यांनी कुणाला एक प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी पोरीचा दंड धरून तिला बाकावरून उठवलं होतं आणि उजव्या गालावर, मग पाठीवर, मग चप्पल काढून पायांवर, "पानी चोरती? पानी? बाप तिकडं मशिनीत हात घालायला, मी इकडं उनात मरायले, आन् तू चोरती?" अपेक्षा डोकं खाली घालून फक्त पट्टीवर तळहात धरून उभी होती. बाकीचं अंग तिनं आईला देऊन टाकलं होतं. भामाबाई म्हणाल्या, "अगं साळूबाई, कान फुटलाय तिचा, मरंल लेकरू," पण मध्ये पडल्या नाहीत. सांडू सर खिडकीबाहेर बघत होते. मारणाऱ्या आईच्या आणि शाळेच्या मध्ये येऊ नये, असा त्यांचा अनुभव असेल.

"मी मारलं," मी म्हणाले.

चप्पल वर राहिली.

"साळूबाई, ती चढली नव्हती. चोरी केली नाही. मी मारलं तिला. पुस्तकानं."

सांडू सर वळले. "मॅडम." एवढंच.

साळूबाईंना धाप लागली होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, वरून खाली, माझ्या चष्म्याकडं, माझ्या साडीच्या ओल्या काठाकडं. त्यांच्या चेहऱ्यावर राग यावा म्हणून मी थांबले होते. मी खरोखर तोंड पुढं केलं होतं. त्या चप्पल माझ्यावर टाकतील, आणि मला ते हवं होतं, वाळलेल्या सिमेंटसकट. पण त्यांनी चप्पल खाली टाकली आणि पायात सरकवली. "मंग शिकायसाठीच मारलं आसंल ना, मॅडम. तुमी काय दुश्मन हात का आमच्या."

"शिकण्यासाठी नाही मारलं."

"मंग?"

आणि मी उत्तर दिलं. खरं उत्तर. मला वाटलं, खरं बोलायला लागलेच आहे तर. "तिला वाचता येत नाही. सहावीत आहे आणि एक शब्द वाचता येत नाही. ऐकून पाठ म्हणते आणि पाणी घेते. मला त्याचा राग आला."

साळूबाई पोरीकडं वळल्या. "वाचता येत नाय? दोन वरसं म्या उन्हात जळले, तुला वाचता येत नाय?" आणि पुन्हा सुरू झाल्या, या वेळी हातानं. आधीच्यापेक्षा जोरात. चोरीसाठी मारत होत्या त्यापेक्षा जोरात. माझं खोटं तिच्या पाठीवर पडलं होतं, माझं खरंही तिच्याच पाठीवर पडलं. मी मध्ये शिरले, साळूबाईंची मनगटं धरली, एक धक्का माझ्या छातीत बसला, आम्ही दोघी बाकावर आपटलो, माझा चष्मा गेला. त्यांच्या अंगाला ओल्या गोणपाटाचा वास होता. चष्म्याशिवाय मला अपेक्षा म्हणजे एक पांढरी पट्टी दिसत होती, आणि त्या पट्टीखालून आवाज आला. फार मोठा. एका कानानं ऐकणाऱ्याला आपला आवाज किती आहे ते कळत नसावं.

"दीपगृहाचा रखवालदार रोज संध्याकाळी एकशे चौदा पायऱ्या चढत असे."

सगळे थांबले. ती म्हणतच राहिली. भिंतीकडं तोंड करून, दोन्ही हात पुस्तक धरल्यासारखे समोर. तेल, वात, काच, मीठ लागून आंधळी झालेली काच, ती पुसायचं फडकं. पायऱ्या मोजण्याची ओळ गाळून वादळ. वादळाच्या मध्यावर, "थांबा हं मॅडम." मग लाटा. मग खडकावर येणारं जहाज. इतकं सुंदर वाचलेलं मी ऐकलेलं नाही. चौदा वर्षांत मी या पोरांना स्वतः एक पान वाचून दाखवलेलं नव्हतं, हे मला तेव्हा तिथं, बाकाखाली चष्मा चाचपडताना कळलं. या मुलीनं माझं सगळं ग्रंथालय कानानं वाचलं होतं. रांगेत अकरावी उभी राहून, दहा जणांच्या कोरड्या तोंडांतून. दर आठवड्याला एक पान, डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत. तिच्याकडं वाचायला दोनच अवयव होते आणि त्यातला एक मी फोडला.

पान संपलं. तिनं हात पुढं केला. कुणाकडं नाही, नुसताच समोर, पेल्याच्या उंचीवर.

सांडू सरांच्या टेबलावर पाण्याची बाटली होती, भामाबाईंनी ती न विचारता उचलली आणि तिच्या हातात दिली. अपेक्षानं अर्धी प्यायली आणि अर्धी आईपुढं धरली. साळूबाई म्हणाल्या, "मला नगं. तू पी." मग त्यांनीही घेतली.

सरांनी रिक्षा बोलावली. मी म्हणाले, घाटीत मी येते बरोबर. साळूबाई नको म्हणाल्या. "तुमी कशाला मॅडम, तुमची कामं आसतील." त्यात टोमणा होता की नाही ते मला कळलं नाही. फाटकापर्यंत जाताना अपेक्षा आईच्या डाव्या हाताला होती, मग थांबली, मागून वळसा घालून उजव्या अंगाला येऊन बघितलं, मान हलवली आणि पुन्हा डाव्या हाताला गेली. आईचा आवाज कुठल्या बाजूनं येतो ते ती ठरवत होती.

"झालं ते झालं," सांडू सर म्हणाले. "आईची तक्रार नाही. मिटलंय. तीन ओळी द्या, मॅडम. दाखल्याचं मी बघतो, पोरीला काढणार नाही, शब्द देतो."

"फेब्रुवारीत दोघांना काढलं तेव्हाही तुम्ही शब्द दिला होता."

"तेव्हा समिती होती."

"आताही आहे."

मी ग्रंथालयात येऊन लिहिलं. मुद्दा क्रमांक दोन. अपेक्षा स्टुलावर चढली नव्हती. तिनं पाणी चोरलं नाही. मी तिला बांधीव खंडानं डाव्या कानावर मारलं. पान वाचल्याशिवाय पाणी नाही हा नियम माझा होता आणि त्याबद्दल माझा सत्कार झाला होता. तिला वाचायला कुणी शिकवलेलं नाही, त्यात मीही आले. तिला शाळेतून काढू नये. मजकूर बारा ओळी झाला. खाली सही केली, तारीख घातली, भामाबाईंना म्हटलं, आवक वहीत नोंद करून नंबर टाका, मगच सरांना द्या. त्या म्हणाल्या, "नंबर टाकला की मागं घेता येत नाय, मॅडम." मी म्हणाले, "म्हणून तर."

सरांनी उभ्यानंच वाचला. दोनदा. मग खुर्चीत बसले आणि बराच वेळ नंबराच्या शाईवर अंगठा घासत राहिले, पण ती वाळली होती. रागावतील असं वाटलं. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "उद्या पाणी कोण वाटणार?"

"ड्रम व्हरांड्यात ठेवा. आणि मला उद्याचा दिवस इथं येऊ देणार असाल तर रांगेत मी वाचते. त्यांनी नुसतं प्यायचं."

"पुन्हा दात तुटतील."

"तुटतील."

त्यांनी कागद फाइलला लावला. टाचणी नीट जाईना, तेव्हा त्यांनी ती तळहातानं ठोकून आत घातली.

पाणी सांडलं तेव्हा खालच्या फळीवर एकोणतीस पुस्तकं होती. ती मी एकेक करून उचलली, पदरानं पुसली आणि टेबलावर ठेवली. अपेक्षाला त्यानंतर उचललं.